लोहचुंबकाला विचारा



आज मी तुमच्याशीं लोहचुंबकाविषयीं बोलणार आहें. विषयाचें नांव ऐकून कित्येकांच्या मनांत येईल कीं, हा तर शाळेंतला जुना धडा. त्यांत नवें तें काय ऐकावयाचें? परंतु एक गोष्ट आधीं ध्यानांत घ्या. या क्षणीं माझा आवाज ज्या पेटींतून तुमच्या कानांवर पडत आहे, तिच्या पोटांत बहुधा एक लोहचुंबक बसलेला आहे. त्या चुंबकाजवळ बारीक तारेचें एक वेटोळें असतें व त्या वेटोळ्याला एक पातळ पडदा जोडलेला असतो. तारेंतली वीज कमीजास्त होऊं लागली कीं वेटोळें पुढें-मागें हलतें, पडदा थरथरतो, भोंवतालची हवा थरथरते, आणि तुम्ही म्हणतां, "गुरुजी बोलूं लागले." तेव्हां आजच्या भाषणाचा विषय स्वतःच तुमच्या घरीं येऊन बसला आहे. मी फक्त त्याची ओळख करून देणार.

मी कोणी शास्त्रज्ञ नव्हें. मॅट्रिक होऊन शिक्षकाचा पेशा पत्करला आणि ३५ वर्षें मुलांना शिकवून निवृत्त झालों. वर्गांत मुलांबरोबर जें हातानें करून पाहिलें, तेंच मुख्यतः सांगणार आहें. आणि वर्गांत माझ्या हातून जी एक चूक झाली, तीही सांगणार आहें; कारण आजचें भाषण खरोखर त्या चुकीचीच परतफेड आहे.

नोकरीस लागून मला दोन-तीन वर्षें झालीं होतीं. सातवीच्या वर्गावर मी हाच पाठ घेत होतों. एक चुंबकपट्टी दोऱ्यानें टांगून ती दक्षिणोत्तर कशी स्थिर होते, तें मीं मुलांना दाखविलें आणि फळ्यावर दोन वाक्यें लिहिलीं. पहिलें, "चुंबकाचें जें टोक उत्तरेकडे वळतें, तो त्याचा उत्तर ध्रुव." दुसरें, "सजातीय ध्रुव एकमेकांस दूर ढकलतात. विजातीय ध्रुव एकमेकांस ओढतात." मुलें माना खालीं घालून तीं वाक्यें उतरून घेऊं लागलीं. इतक्यांत शेवटच्या बाकावरला एक मुलगा उभा राहिला. तो म्हणाला, "गुरुजी, पृथ्वीच्या उत्तरेला उत्तर ध्रुव आहे. मग चुंबकाचा उत्तर ध्रुव तिकडे कसा वळतो? सारखे ध्रुव ढकलतात, असें तुम्हींच लिहिलें आहे. त्यानें तर तिकडे पाठ फिरवावयास पाहिजे."

मला उत्तर ठाऊक नव्हतें. आणि "ठाऊक नाहीं" असें म्हणावयास जें धैर्य लागतें, तेंही त्या वयांत माझ्यापाशीं नव्हतें. मीं त्याला म्हटलें, "पुस्तकांत आहे तेवढें पाठ कर. फाजील शहाणपणा नको." वर्ग हंसला. मुलगा मुकाट्यानें खालीं बसला. त्या वर्षांत त्यानें मला दुसरा प्रश्न विचारला नाहीं. पुढें त्यानें शाळा बदलली आणि मला त्याचा ठावठिकाणा राहिला नाहीं. त्याचा प्रश्न मात्र माझ्यापाशीं राहिला. आज आपण सर्वजण मिळून त्याचें उत्तर शोधूं या. पण तें मला विचारून नव्हे, तर लोहचुंबकाला विचारून.

प्रथम चुंबक हवा. तो मिळविणें आतां अगदीं सोपें आहे. बिघडलेल्या रेडिओचा जुना कर्णा, कंपासपेटीचें झांकण, शीतकपाटावर लावावयाचीं चित्रें, यांपैकीं कशांत ना कशांत तो सांपडतो. विज्ञानसाहित्याच्या दुकानांत चुंबकपट्टीही मिळते. येथें एक गोष्ट आईबापांनीं कटाक्षानें पाळावी. हल्लीं बोटाच्या पेराहूनही लहान, चकचकीत आणि अतिशय जोरकस चुंबक खेळण्यांत येतात. ते लहान मुलाच्या हातीं पडूं देऊं नयेत. असे दोन चुंबक पोटांत गेले, तर आंतड्याच्या दोन बाजूंनीं ते एकमेकांस ओढून आंतडें चिमटीत धरतात व त्यास भोंक पडतें. तशी नुसती शंका आली, तरी वेळ न दवडतां रुग्णालय गांठावें.

आतां कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यांत वस्तूचें नांव लिहा, दुसऱ्यांत तुमचा अंदाज, आणि तिसऱ्यांत चुंबकानें दिलेलें उत्तर. अंदाज आधीं लिहावयाचा, मागाहून नव्हे. नाहीं तर मन लबाडी करतें. टांचणी, खिळा, तांब्याचा गडू, पितळी समई, अ‍ॅल्युमिनियमचें पातेलें, आईची सोन्याची अंगठी, रुपयाचें नाणें, शिसपेन्सिल, खोडरबर, अशा दहा-पंधरा वस्तू घ्या. पुष्कळ मुलें लिहितात कीं, धातु तेवढे सगळे चिकटतील. चुंबक सांगतो, तसें नाहीं. तांबें, पितळ, सोनें, अ‍ॅल्युमिनियम यांकडे तो ढुंकूनही पाहत नाहीं. तो ओढतो लोखंडाला, तसाच निकेल व कोबाल्ट या धातूंना. रुपयाचें नाणें चिकटतें, कारण तें एका प्रकारच्या पोलादाचें आहे.

खरी मौज मांडणीवरल्या स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांची. एक डबा चिकटतो, शेजारची वाटी चिकटत नाहीं. दोन्ही पोलादाचींच, मग हा पंक्तिप्रपंच कां? कांहीं पोलादांत निकेल पुरेशा प्रमाणांत मिसळलेलें असतें. त्यामुळें लोखंडाच्या कणांची आंतली मांडणीच बदलते आणि तें पोलाद चुंबकाला दाद देईनासें होतें. निकेल स्वतः चुंबकाकडे ओढलें जातें. पण लोखंडाशीं त्याचा असा संग झाला, म्हणजे दोघेही चुंबकाला विसरतात. वस्तु कशाची आहे एवढेंच पुरत नाहीं. तिच्या आंत मांडणी कशी आहे, हेंही पाहावें लागतें. ही मांडणीची गोष्ट आपल्याला पुढें उपयोगी पडेल.

दुसरा प्रयोग वाळूचा. चुंबक कागदांत गुंडाळा आणि नदीच्या किंवा समुद्राच्या कोरड्या वाळूंतून फिरवा. कागदाला काळे बारीक कण चिकटून वर येतील. कागद उलगडला कीं ते खालीं गळून पडतात. चुंबकाला नुसतेच चिकटविलेत, तर ते पुसतां पुसतां पुरेवाट होईल. सह्याद्रीचा काळा कातळ झिजून त्यांतला लोहखनिजाचा अंश वाळूंत उतरला आहे, तोच हा. या खनिजाला मॅग्नेटाइट म्हणतात. याच खनिजाचे कांहीं दगड निसर्गतःच चुंबक असतात. आपल्या पूर्वजांनीं त्यांस अयस्कांत म्हटलें. अयस् म्हणजे लोखंड, त्याला प्रिय असलेला तो अयस्कांत. हे काळे कण एका बाटलींत भरून ठेवा. भाषणाच्या शेवटीं मी त्यांच्याकडे पुन्हां येणार आहें.

तेच कण एका जाड कागदावर पसरा आणि खालून चुंबकपट्टी लावून कागदावर हलकेंच टिचकी मारा. कण रांगा करून उभे राहतील. दोन टोकांपाशीं त्यांची दाटी होते, मध्यभागीं ते विरळ राहतात. चुंबकाचें सामर्थ्य मुख्यतः दोन टोकांशीं प्रगट होतें. त्यांनाच ध्रुव म्हणतात. दोन पट्ट्यांचीं टोकें एकमेकांजवळ आणलींत, तर कधीं त्या झडप घालून बिलगतात, कधीं हाताखालून निसटून दूर पळतात. दूर पळतांना मध्यें कांहींच दिसत नाहीं, तरी बोटांना तो रेटा स्पष्ट जाणवतो. हा रेटा ज्यानें एकदां स्वतःच्या बोटांनीं अनुभवला, त्याला "सजातीय ध्रुव" हें वाक्य पाठ करावें लागत नाहीं.

आतां आपण आपलें स्वतःचें होकायंत्र करूं या. शिवणाची एक सुई घ्या. तिच्यावरून चुंबकाचें एकच टोक, नेढ्याकडून अणीकडे, एकाच दिशेनें तीस-चाळीस वेळां फिरवा. अणीपाशीं पोंचल्यावर हात उचलावयाचा आणि हवेंतून परत नेढ्यापाशीं आणावयाचा. मागें-पुढें घासावयाचें नाहीं. सुई चुंबक बनते. एका कांचेच्या वाडग्यांत पाणी घेऊन त्यावर पिंपळाच्या पानाचा लहानसा तुकडा तरंगत ठेवा आणि त्यावर सुई आडवी निजवा. पान हळूं हळूं फिरेल, डुलेल आणि स्थिर होईल. बोटानें तें वळवून सोडा. तें पुन्हां त्याच दिशेला येईल. मोबाईल व पोलादी कपाट मात्र दूर असूं द्या.

सुई खरोखर उत्तर दाखविते कीं काय, याचाही पडताळा घ्या. रात्रीं गच्चीवर जाऊन ध्रुवतारा पाहा. आपल्या महाराष्ट्रांत सुईची दिशा आणि खरी उत्तर यांत एका अंशाच्या आसपासच अंतर पडतें, म्हणून डोळ्यांना दोन्ही एकच वाटतात. जगांत सर्वत्र असें नाहीं. कित्येक ठिकाणीं हें अंतर दहा-वीस अंशांचें असतें, आणि नावाड्यांना तें हिशेबांत धरावें लागतें.

सुई आपल्या हातीं आहे, तोंवर आणखी दोन प्रश्न विचारून घेऊं. हे दोन्ही प्रयोग मुलांनीं एकट्यानें करावयाचे नाहींत. घरांतलें मोठें माणूस हवें. पहिला प्रश्न असा कीं, सुईच्या एका टोकाला उत्तर ध्रुव आणि दुसऱ्याला दक्षिण, तर मग मधोमध मोडून ते दोघे वेगळे करतां येतील काय? सुई फडक्यांत गुंडाळून दोन पकडींनीं मोडावी आणि दोन्ही तुकडे पाण्यावर तरंगवावे. प्रत्येक तुकडा पुन्हां दक्षिणोत्तर राहतो! प्रत्येकाला दोन्ही ध्रुव आहेतच. १२६९ सालीं पेत्रुस पेरेग्रिनुस नांवाच्या फ्रेंच पंडितानें आपल्या मित्रास चुंबकाविषयीं एक लांबलचक पत्र लिहिलें. चुंबकपाषाण फोडला तरी प्रत्येक तुकड्याला दोन्ही ध्रुव राहतात, असें त्यानें त्यांत नमूद केलें आहे. साडेसातशें वर्षांपूर्वीं त्याला जें उत्तर मिळालें, तेंच आज तुमच्या वाडग्यांत मिळेल. एकटा ध्रुव शास्त्रज्ञांना अद्याप कोठेंही सांपडलेला नाहीं.

दुसरा प्रश्न: चुंबक तापविला तर? दुसरी एक सुई चुंबक करून घ्यावी, सांडशींत धरून चुलीच्या ज्योतींत लालभडक तापवावी आणि पूर्ण निवूं द्यावी. आतां ती पाण्यावर सोडली तर कोणत्याही दिशेला पडून राहते. तिचें चुंबकत्व गेलें. शुद्ध लोखंडाचें चुंबकत्व सुमारें ७७० अंश सेल्सिअस उष्णतेला नाहींसें होतें.

असें कां व्हावें? मी मुलांना कवायतीची उपमा देत असें. लोखंडाच्या आंत अतिशय सूक्ष्म असे चुंबकांचे गट असतात. साध्या लोखंडांत त्यांचीं तोंडें चहूंकडे असतात, मधल्या सुट्टींतल्या मुलांसारखीं. एकाचें दुसरा खोडून काढतो आणि बाहेर कांहींच जाणवत नाहीं. सुईवरून चुंबक फिरविला म्हणजे जणूं "सावधान!" असा हुकूम सुटतो आणि बहुतेक सर्व गट एकाच दिशेला तोंड करतात. ती रांग मधोमध तोडली, तरी दोन्ही तुकड्यांतल्या मुलांचीं तोंडें एकीकडे आणि पाठी दुसरीकडेच राहणार. म्हणून प्रत्येक तुकड्याला दोन ध्रुव. आणि अंगणांत धांवपळ, ढकलाढकल सुरू झाली कीं रांग मोडलीच. उष्णतेनें तेंच होतें. चुंबक दाणकन् जमिनीवर आपटला तरी तो दुबळा होतो, तोही याच कारणानें.

आतां मुलाच्या प्रश्नाकडे एक पाऊल पुढें टाकूं. सुई उत्तरेकडे वळते, तर तिला वळवितो कोण? फार दिवस लोकांची समजूत अशी होती कीं, ध्रुवतारा तिला ओढतो, किंवा उत्तर समुद्रांत चुंबकाचा एखादा डोंगर असावा. या समजुतींची खरी झडती घेतली ती विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्यानें. तो पुढें एलिझाबेथ राणीचा राजवैद्य झाला. १६०० सालीं त्याचा चुंबकावरला लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या काळीं चुंबकाविषयीं नाना कथा प्रचलित होत्या. लसूण चोळली असतां चुंबकाचें सामर्थ्य जातें, अशी एक; हिरा घासला असतां लोखंडाला चुंबकाचे गुण येतात, अशी दुसरी. मोठमोठ्या ग्रंथकारांच्या नांवावर त्या पिढ्यान् पिढ्या चालत आल्या होत्या. गिल्बर्टनें हिऱ्याची गोष्ट ऐकली आणि पंचाहत्तर हिरे घेऊन, साक्षीदारांसमोर, ती करून पाहिली. एकाही हिऱ्यानें सुई चुंबक झाली नाहीं. तुमच्या घरीं हिरे नसतील, पण लसणीची पाकळी खास असेल. ती चुंबकावर चोळा आणि टांचण्या उचलून पाहा. थोर ग्रंथकार मोठा कीं पाकळी मोठी, तें कळेल.

मग गिल्बर्टनें चुंबकपाषाणाचा एक गोळा घडवून घेतला, जणूं लहानशी पृथ्वीच, आणि त्याच्याजवळ ठिकठिकाणीं चिमुकली सुई धरून पाहिली. नावाड्यांची सुई पृथ्वीवर जशी वळते आणि खालीं झुकते, तशीच ती या गोळ्यावर वळली आणि झुकली. त्यावरून त्यानें निष्कर्ष काढला कीं, सुईला आकाशांतून कोणी ओढीत नाहीं. पृथ्वी स्वतःच एक प्रचंड लोहचुंबक आहे.

परंतु चाणाक्ष मुलांनो, येथें तुमची तापलेली सुई आडवी येते! पृथ्वीच्या मध्याशीं लोखंड आहे खरें, पण तेथें उष्णता हजारों अंशांची. ७७० अंशांना जें चुंबकत्व सुटतें, तें तेथें टिकेल कसें? तेव्हां पृथ्वी ही गिल्बर्टच्या गोळ्यासारखी घट्ट चुंबक असूं शकत नाहीं. याची गुरुकिल्ली १८२० सालीं कोपनहेगनच्या ओर्स्टेड नांवाच्या प्राध्यापकाला सांपडली. व्याख्यानाच्या वेळीं तारेंतून वीज सोडतांच जवळची होकायंत्राची सुई हलली. वाहणारी वीज ही चुंबकाचें काम करते. पृथ्वीच्या पोटांत सुमारें २,९०० किलोमीटर खोलीवर वितळलेल्या लोखंडाचा जाड थर आहे. तो सतत घुसळत राहतो आणि त्या घुसळण्यानें त्यांत विजेचे प्रवाह चालूं राहतात. आपली सुई वळते ती त्या प्रवाहांमुळें. गिल्बर्टचा निष्कर्ष खरा होता. त्याचें कारण मात्र सव्वादोनशें वर्षांनीं पुढें येऊं लागलें.

वाहत्या विजेची ही करामत मुंबईकरांनाही एकदां चांगलीच भोंवली. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत १८४१ सालापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मापें नियमानें घेतलीं जात होतीं. १८५९ च्या सप्टेंबरांत सूर्यावरून आलेल्या प्रचंड वादळानें सगळ्या पृथ्वीचें चुंबकत्व डळमळलें, तेव्हां कुलाब्याच्या निरीक्षकांनीं मापांतला तो मोठा उतार टिपून ठेवला. तीं जुनीं टिपणें पुढें २००३ सालीं शास्त्रज्ञांना त्या वादळाचें बळ ठरविण्याच्या कामीं आलीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या आणावयाचें ठरलें. ट्रामची वीज रुळांतून व जमिनींतून वाहणार आणि सुया भलतेंच कांहीं दाखविणार! त्या वेळीं नानाभाई मूस हे वेधशाळेचे पहिले हिंदी संचालक होते. त्यांनीं चुंबकीय वेधांसाठीं समुद्रापलीकडे अलिबाग येथें नवी वेधशाळा उभारली. तिच्या इमारतींत लोखंड वापरलें नाहीं. चुंबकाला न ओढणारा दगड, लाकूड आणि पितळ-तांब्यासारखे धातु योजिले. १९०४ पासून दोन वर्षें दोन्हीं ठिकाणीं एकाच वेळीं मापें घेतलीं, म्हणजे जुन्या आणि नव्या आंकड्यांचा दुवा तुटूं नये. मगच १९०६ मध्यें कुलाब्याचें तें काम थांबविलें, आणि १९०७ सालीं विजेची ट्राम धांवूं लागली. अलिबागची वेधशाळा आजही तें काम करीत आहे. सुईला प्रश्न विचारावयाचा, तर तिच्या कानाशीं दुसरा कोणी बोलत नाहीं ना, एवढें पाहण्याची ही केवढी काळजी!

आतां त्या मुलाचें उत्तर. पृथ्वी चुंबक आहे आणि विजातीय ध्रुवच एकमेकांस ओढतात, हीं दोन्ही विधानें चुंबकानें आपल्याला स्वतः सांगितलीं. मग तिसरें आपोआप येतें. आपल्या चुंबकाचा उत्तर ध्रुव ज्याकडे वळतो, तो पृथ्वीच्या उत्तरेकडला चुंबकध्रुव गुणानें दक्षिण ध्रुवच असला पाहिजे! "उत्तर ध्रुव" या एकाच नांवाखालीं आपण दोन निरनिराळ्या गोष्टी ठेवल्या. एक आहे भूगोलांतलें स्थळ, ज्याभोंवतीं पृथ्वी फिरते. दुसरें आहे चुंबकाचें उत्तरेकडे जाणारें टोक. त्या टोकाला "उत्तराभिमुख ध्रुव" म्हटलें असतें, तर घोटाळा झाला नसता. निसर्गांत गोंधळ नव्हता. गोंधळ माझ्या फळ्यावर होता. तो मुलगा बरोबर होता. त्यानें माझीं दोन वाक्यें एकमेकांशेजारीं ठेवून पाहिलीं. मीं तीं नुसतीं लिहिलीं होतीं.

आणि त्याचा प्रश्न किती खोल होता, तें मला पुढें वाचतांना कळलें. पृथ्वीचा हा चुंबकध्रुव एका जागीं बसलेलाही नाहीं. १८३१ सालीं जेम्स क्लार्क रॉसनें तो कॅनडाच्या उत्तरेस शोधला. तेथें त्याची सुई जवळजवळ सरळ खालीं तोंड करून उभी राहिली. आज तो तेथून शेंकडों मैल सरकून सायबेरियाच्या रोखानें चालला आहे. त्याहून नवल म्हणजे तुमच्या बाटलींतले काळे कण. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं आपल्या दख्खनवर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. रस निवत असतां त्यांतल्या या खनिजकणांचें चुंबकत्व त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाला अनुसरून पक्कें झालें. शास्त्रज्ञांनीं सह्याद्रीचे थर तपासले, तेव्हां त्यांपैकीं पुष्कळ थरांतली दिशा आजच्या नेमकी उलट निघाली! त्या काळीं तुमचें होकायंत्र असतें, तर सुईचें उत्तर टोक दक्षिणेकडे वळलें असतें. अशी उलथापालथ पृथ्वीच्या इतिहासांत अनेकदां झाली आहे. शेवटची सुमारें पावणेआठ लक्ष वर्षांपूर्वींची. त्याच थरांतल्या चुंबकत्वाच्या कलावरून हेंही दिसलें कीं, त्या वेळीं हिंदुस्थानची भूमि विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती. घाटांतल्या ज्या कातळाला टेंकून आपण डबा खातों, तो इतक्या जुन्या गोष्टी मनांत धरून बसला आहे.

शेवटीं दोन शब्द वडील मंडळींना. मूल एखादा प्रश्न विचारतें आणि आपल्याला उत्तर येत नाहीं, ही लाज वाटण्याची गोष्ट नव्हे. "मला ठाऊक नाहीं, चल, करून पाहूं," एवढें म्हणावयाचें. मला हें वाक्य शिकावयास पुष्कळ वर्षें लागलीं. शिकल्यावर मात्र माझा वर्ग पहिल्यापेक्षां अधिक गजबजला, आणि मीही अधिक शिकलों. तो मुलगा आतां मोठा गृहस्थ झाला असेल. हें भाषण त्याच्या कानीं पडलें, तर त्यानें एवढेंच समजावें कीं, त्याच्या मास्तरांनीं उत्तर उशिरां दिलें, पण दिलें.

आणि मुलांनो, तुमच्यासाठीं एक कोडें ठेवून जातों. एका खोलींत दोन लोखंडी पट्ट्या आहेत. दिसावयास हुबेहूब सारख्या. एक चुंबक आहे, दुसरी साधी. दोरा नाहीं, पाणी नाहीं, टांचणी नाहीं, दुसरें कांहींही नाहीं. त्यांतली चुंबक कोणती, हें फक्त त्या दोघींच्या साहाय्यानें ओळखावयाचें आहे. काळ्या कणांची दाटी कोठें झाली आणि ते विरळ कोठें राहिले, तें आठवा. उत्तर मी सांगणार नाहीं. आतां तुम्हांला ठाऊक आहे कीं, तें कोणाला विचारावयाचें.